दर उन्हाळ्यात तापणारी जुनी स्विफ्ट: आधी बघा, काटा कधी चढतो

मार्च संपत आला की सोलापुरात जुन्या १.३ पेट्रोल स्विफ्टवाल्यांची एकच तक्रार सुरू होते. गाडी हिट होते. थंडीत हीच गाडी तुळजापूरचा घाट चढून येते आणि तापमानाचा काटा निम्म्याच्या वर जात नाही. एप्रिलमध्ये सात रस्त्याच्या सिग्नलला दोनदा लाल दिवा लागला की काटा सरकायला लागतो आणि एसीतून गरम हवा यायला लागते. मग गॅरेजची फेरी. एक जण वॉटर पंप बदलतो, दुसरा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकतो, तिसरा नवा रेडिएटर बसवतो. तेवढ्यात जून येतो, पाऊस पडतो आणि गाडी ‘नीट होते’. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच.

गाडीच वाईट असं मात्र नाही. मे २००५ मध्ये आलेली ही पहिली स्विफ्ट, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८७ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आसपास. चार हजारांच्या पुढे आरपीएम नेला की इंजिनचा सूरच बदलतो, आणि लाखाच्या आसपास पैसे घालून इतकी मजा देणारी दुसरी गाडी आपल्या बाजारात शोधावी लागेल. १ एप्रिल २०१० ला देशातल्या ज्या मोजक्या शहरांत बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आधी लागू झाला त्यांत पुणे-मुंबईबरोबर सोलापूरही होतं. त्या सुमारास पेट्रोल स्विफ्टला १.२ लिटरचं के-सीरीज इंजिन आलं. त्यामुळे एमएच-१३ पाटीची १.३ पेट्रोल स्विफ्ट दिसली की ती त्याआधीची धरायची, म्हणजे आज पंधरा वर्षं उलटलेली. एवढ्या वर्षांत तिच्या रेडिएटरमध्ये कुणी काय काय ओतलं असेल, ते देव जाणे.

खाली लिहिलंय ते स्विफ्ट धरून लिहिलंय, पण जुनी फिएस्टा, पालिओ, झेन, कुठलीही असो, निदानाची रीत तीच.

थंडीत का होत नाही?

हे एकदा समजलं की निम्मं काम होतं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी ९५ अंशांवर आहे असं धरू. जानेवारीच्या दुपारी सोलापुरात हवा ३० अंश, म्हणजे फरक ६५. मे महिन्यात ४३ अंश, फरक ५२. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद एक पंचमांशाने कमी झाली. त्यात एसी चालू केला की रेडिएटरच्या पुढे बसलेला कंडेन्सर स्वतःची उष्णता त्याच हवेत टाकतो. डांबरावरून उठणारी झळ वेगळीच. रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा ५५ अंशांची असेल तर फरक ४० वर आला.

नव्या, धडधाकट गाडीत एवढी घट गृहीत धरलेली असते. जुन्या गाडीत ती शिल्लक ताकद आधीच कुठेतरी खाल्ली गेलेली असते: थोडी क्षारांनी, थोडी रेडिएटरच्या वाकलेल्या पात्यांनी, थोडी मंद फिरणाऱ्या फॅनने. थंडीत ते कळत नाही, एप्रिलमध्ये उघडं पडतं. म्हणून जुलैत केलेल्या दुरुस्तीला ‘जमलं’ म्हणू नका. आणि म्हणूनच नोव्हेंबर-डिसेंबरात घेतलेली जुनी गाडी चाचणीला नेहमी गोड वागते.

काटा कधी चढतो?

गॅरेजला नेण्याआधी हे एवढं लिहून काढा: उभी असताना चढतो की पळताना? एसीशिवायही चढतो का? पाणी कमी होतं का? या तीन उत्तरांत निदान असतं आणि गॅरेजवाला बहुतेक वेळा ती विचारत नाही. त्याच्या दारात गाडी येते तेव्हा ती गरम असते किंवा थंड असते. सात रस्त्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलेलं असतं.

एक लक्षात घ्या, डॅशबोर्डवरचा काटा थोडा खोटं बोलतो. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम असा ठेवलेला असतो की मधल्या बऱ्याच अंशांत तो हलत नाही, कारण काटा जरा हलला की लोक घाबरतात. म्हणजे तो मध्यावरून हलला याचा अर्थ तापमान बऱ्यापैकी वाढून झालंय. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाइलवर दाखवणारा) छोटा ब्लूटूथ डोंगल या जुन्या गाडीशी बोलेलच अशी खात्री नाही. त्यापेक्षा लांबून तापमान मोजणारी लेझरवाली गन घ्या, ती हजाराच्या आसपास मिळते. पुढे ती लागेल.

उभी असताना चढतो, पळाली की उतरतो

सोलापुरातल्या बहुतेक तक्रारी याच घरातल्या. गाडी पळत असते तेव्हा वारा फुकट मिळतो. उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. तेव्हा पंप आणि थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी फॅनजवळ जा.

इंजिन चालू करून एसी लावा. कॉम्प्रेसर लागला की फॅन फिरायला हवा. मग एसी बंद करून गाडी तशीच उभी ठेवा आणि वाट बघा. काटा मध्यावर आल्यावर थोड्या वेळाने फॅन आपोआप लागला पाहिजे आणि काही वेळाने आपोआप बंदही झाला पाहिजे. एसीबरोबर लागतो, पण नुसत्या तापमानावर लागत नाही? मग फॅनची मोटर बरी आहे, निरोप पोचत नाही. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तापमानाच्या सेन्सरची पिन काढली की कॉम्प्युटर घाबरून फॅन चालू करतो. तसं झालं तर रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच) आणि वायरिंगही बरं, सेन्सर बदला. दोन्ही वेळा लागत नाही तर रिले बघा. फॅनच्या रिलेच्या आकाराचाच, तेवढ्याच पिनांचा हॉर्नचा रिले त्या डब्यात असेल तर अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत.

फॅन अजिबात थांबतच नाही, चावी फिरवली की सुरू? मग कुणीतरी तो ‘डायरेक्ट’ केलाय. सेन्सर किंवा रिले गेला, नवा घालायचा नव्हता, दोन वायरी जोडल्या, मोकळा झाला. कधी कधी डॅशबोर्डच्या खाली एक अनोळखी बटणही सापडतं. चालतं असं, पण सतत फिरून मोटरचे ब्रश झिजतात आणि बरोबर दुसऱ्या उन्हाळ्यात ती मंद होते.

मंद फॅन हा सगळ्यात फसवा. डोळ्याला तो फिरताना दिसतो, म्हणून गॅरेजवाला “फॅन ओके” म्हणून पुढे जातो. इंजिन चालू, फॅन चालू असताना मोटरच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. तेराच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. दहा-साडेदहा दिसत असतील तर कुठेतरी अर्थिंगची वायर गंजलीय किंवा पिन जळकी आहे. तेरा मिळूनही फॅन रेंगाळत असेल तर मोटर गेली.

आणि आता माझ्या मावसभावाच्या लाल स्विफ्टची गोष्ट, कारण ती या घरातली शाळाच आहे. पंप बदलून झाला, थर्मोस्टॅट काढून झाला, रेडिएटर नवा बसला. तरी आसरा चौकात काटा वर. फॅन फिरतोय, व्होल्ट बरोबर, वेगही बरोबर. शेवटी वहीचा कागद फाडून बंपरच्या जाळीपुढे धरला. फॅनने हवा आत ओढली तर कागद जाळीला चिकटायला हवा. हा कागद बाहेर उडाला. कधीतरी मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या होत्या आणि फॅन हवा इंजिनकडून पुढे ढकलत होता. उलटा फॅनही थोडी हवा हलवतोच, त्यामुळे थंडीत भागत होतं. गाडी पळायला लागली की समोरचा वारा त्याच्यावर मात करायचा, म्हणून हायवेला सगळं ठीक. दोन वायरींची अदलाबदल, खर्च शून्य. गॅरेजच्या अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “असं होतंय व्हय बे?” आणि नवीन रेडिएटरचं बिल काही परत आलं नाही.

कागदाची ही चाचणी करायला एक मिनिट लागतं. हात, ओढणी, गळ्यातला मफलर फॅनपासून लांब ठेवा. एसी चालू असताना फॅन कधीही लागतो.

फॅन सरळ, जोरात आणि वेळेवर चालत असेल तर हवेचा मार्ग तपासा. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्चचा उजेड टाका. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे यंत्रमागाच्या कापसाचे तंतू आणि धूळ यांची नमद्यासारखा थर साचलेला मी पाहिलाय. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मधला थर दिसतच नाही. तो काढायला रेडिएटर थोडा मागे घ्यावा लागतो आणि पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या धारेने मारावं लागतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पात्या आडव्या पडतात आणि रोग वाढतो.

मग बंपरच्या आतले प्लास्टिकचे आणि रबराचे पडदे. कंपनीच्या गाडीत रेडिएटरच्या बाजूंना ते असतात, फॅनभोवती प्लास्टिकचं कडं (श्राउड) असतं, खाली इंजिनचं प्लास्टिकचं झाकण असतं. त्यांचं काम एकच: समोरून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी आणि मागची गरम हवा वळून पुन्हा पुढे येऊ नये. पुढून ठोकलेल्या गाडीचा बंपर बदलताना हे पडदे ‘फालतू’ म्हणून बाजूला पडतात. गाडी दिसायला चकाचक, पण उभी असताना स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढते. स्क्रॅपवाल्याकडे ते पडदे मिळतात. नाही मिळाले तर जाड फोमची पट्टी कापून फटी बुजवा. दिसायला बरी नाही, पण चालते.

याच जागी हौसेचा मालही बघून घ्या. कंडेन्सरसमोर बसवलेले दोन भलेमोठे हॉर्न, एलईडीचा बार, बारीक भोकांची चमकदार जाळी. स्पोर्टी गाडी म्हणून आधीच्या मालकाने जे जे लावलं ते सगळं वाऱ्याच्या वाटेत असतं. उघडा कोनवाला एअर फिल्टरही यातलाच. तो इंजिनच्या खोलीतली तापलेली हवा ओढतो, आवाज वाढतो, ताकद कमी होते. काढून मूळचा डबा बसवा.

पळताना चढतो

पुणे रोडने मोहोळच्या पुढे शंभराने धरली आणि काटा हळूहळू चढतोय, किंवा तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चढतोय. इथे वारा भरपूर आहे, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून बुजलाय. (उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकून पहिल्या गिअरात सरपटत असाल तर ती ‘पळताना’ नाही, ती उभीच समजा.)

सोलापुरात याचं मूळ बहुतेक वेळा पाणीच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बोअरशिवाय भागत नाही आणि गॅरेजच्या बादलीतही बोअरचंच पाणी असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा दगडी थर बसतो तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं नसतात, त्यामुळे आतले लोखंडी भाग गंजतात, पंपाची पाती खाल्ली जातात आणि तो तपकिरी गाळ फिरत फिरत नळ्यांत जाऊन बसतो.

गाडी तापवून घ्या, फॅन एकदा लागून बंद होऊ द्या आणि इंजिन बंद करून तापमानाची गन रेडिएटरच्या अंगावर फिरवा. पाणी ज्या बाजूने आत येतं तिकडून बाहेर जातं त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचं (रबरी नळीचं) तापमान मोजा. दोन्हींत पंचवीस-तीस अंशांचा फरक म्हणजे पाणी फारच सावकाश जातंय. फरक जवळजवळ नाहीच, तर पाणी फिरतंय पण थंड होत नाही; परत वरच्या ‘उभी असताना’ भागातल्या हवेच्या तपासणीकडे जा. मदतनीसाला आरपीएम वाढवायला सांगून खालच्या होजकडे बघा. तो चपटा होत असेल तर म्हातारा झालाय, पंप ओढतो तेव्हा आत बसतो. बदला.

बुजलेला रेडिएटर साफ करावा की बदलावा? जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी डाग (सोल्डर) काढून उघडायचे, नळ्यांतून सळ्या मारायचे, पुन्हा डाग द्यायचे. रेडिएटरवाल्यांची ती कलाच होती. आताचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या, कडा दुमडून बसवलेल्या. त्यात सळी जात नाही, आणि ॲसिड घातलं तर क्षारांबरोबर ॲल्युमिनियमही जातं. ‘ॲसिड वॉश’ला ठाम नकार द्या. साध्या पाण्याने उलट्या दिशेने धुऊन पाहा; थंड पट्टे तसेच राहिले तर नवीन घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा जोरात बोलायचंय. “आपल्याकडे उन्हाळा कडक, त्याची गरज नाही” हे वाक्य सोलापुरात इतक्यांदा ऐकू येतं की लोकांना ते खरं वाटतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. इंजिन तापल्यावर तो उघडाच असतो, म्हणजे उन्हाळ्यात तो अडवतो हा समज चुकीचा. बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो, हे खरं, पण त्यावर इलाज नवा थर्मोस्टॅट, काही शेकड्यांत मिळणारा. तो काढून टाकला की सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आतली बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी आणि काही पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतं.

याहून मोठा तोटा निराळा आहे. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीचा काटा थंडीत इतका खाली राहतो की बुजलेला रेडिएटर, मंद फॅन सगळं झाकलं जातं. विकणाऱ्याला ते सोयीचं असतं. तुम्ही घेतलेल्या गाडीचा काटा हायवेला पाव भागाच्या खाली पडत असेल तर तिच्यात थर्मोस्टॅट नाही किंवा तो उघडा अडकलाय. नवा घालताना आधी त्याला चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडून उघडतो का बघा. नवे डबेही कधी कधी खराब निघतात.

पाणी कमी होतं

दर आठवड्याला बाटलीभर पाणी घालावं लागतं आणि खाली तर थेंब दिसत नाही. लोक लगेच हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) येतात. थांबा, आधी स्वस्त गोष्टी.

रेडिएटरची टोपी. तिच्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, इथे उघड्या भांड्यात पाणी शंभरच्या जरा आधीच उकळतं. ०.९ची टोपी नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळेल. टोपीचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल झाली, की ही सगळी सवलत गेली. पाणी आधीच उकळून बाजूच्या बाटलीत आणि तिथून रस्त्यावर. गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जात नसेल, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं दिसत असेल, तर टोपीचा उलटा वॉल्व्ह किंवा बाटलीची नळी खराब आहे. टोपी बदला, आणि मूळ आकड्याचीच घ्या. जास्त आकड्याची घातली की जुने होज फुटतात.

मग एलपीजीचा शोध घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण स्वस्त स्विफ्टमध्ये हा हमखास सापडणारा चोर आहे. एलपीजी-सीएनजी किटच्या रिड्युसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला हीटरच्या होजमधून पाणी दिलेलं असतं, त्यासाठी होज कापून ‘टी’ जोड बसवतात. विकताना किट काढलं जातं, टाकी डिकीतून जाते, पण ते जोड तिथेच राहतात, तोंडाला बोल्ट ठोकून किंवा नळीचा तुकडा वळवून. ते गरम असताना बारीक झिरपतात आणि थेंब इंजिनवरच वाळतो. फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) होज चाचपून बघा. कापलेले दिसले तर अखंड नवे होज घाला.

प्रवाशाच्या पायाखालची चटई ओली आणि आत गोडसर वास? हीटरचा कोअर (आतला छोटा रेडिएटर) गळतोय. पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी पांढरा-हिरवा डाग? पंपाचं सील गेलंय.

हे सगळं बघून झालं तरी पाणी जातंच असेल, तर गॅस्केट. सकाळी थंड गाडीची टोपी उघडून इंजिन सुरू करा. सतत बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा टोपी लावून सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. तेलाच्या टोपीखाली दुधाळ चिकट थर, सुरू करताना पांढरा धूर आणि एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ, ही सगळी त्याचीच चिन्हं. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू असला की निळा पिवळा होतो. सोलापुरात ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडेच हेडचं काम द्या, निदान तो अंदाजाने इंजिन उघडणार नाही.

भरायची रीत

काम काहीही केलं असो, भरताना घाई झाली की तक्रार परत येते. तयार मिसळलेला कूलंट घ्या किंवा दाट कूलंट आणि बॅटरीचं पाणी अर्धं-अर्धं. बोअर नाही, नळ नाही, बिसलेरीही नाही. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपनीचा हौसेचा भाग, त्याला ठरलेला नियम नाही. आत कुठला आहे माहीत नसेल तर सगळा काढा, मिसळू नका. जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावा. गंज रोखणारी द्रव्यं त्यात संपतात, रंग मात्र टिकतो.

गाडीचं तोंड चढावर करा. हीटर पूर्ण गरमवर. टोपी उघडी ठेवून सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, पातळी एकदम खाली जाईल, पुन्हा भरा. हीटरमधून कडक गरम हवा यायला लागली म्हणजे हवा निघाली. आत हवा अडकली असेल तर काटा एकाएकी वर जातो आणि एकाएकी खाली येतो. खरं तापणं असं उड्या मारत नाही.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. एप्रिलच्या दुपारी हे जीवावर येतं, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे आणि आसरा चौकातून बाहेर काढण्यापुरता पुरतो. काटा लालला टेकला तर तिथेच बाजूला घेऊन बंद करा. टोपी उघडायची नाही. सोलापुरी टॉवेल चार पदरी करून धरला तरी नाही; दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतणाऱ्या मदतनीसांना हात जोडून लांब ठेवा, ॲल्युमिनियमचं हेड त्यानेच वाकतं.

अजून घेतलीच नसेल तर

“डॉक्टरची गाडी, सिंगल हँड” ऐकून घ्या आणि मे महिन्याच्या दुपारी बघायला जा. आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेट गरम लागलं तर त्या दिवशी परत या. थंड असताना टोपी उघडा: तपकिरी पाणी दिसलं तर गाडीची किंमत तिथेच उतरवा. रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो तिचे बोल्ट रंग उडालेले, पाना लागलेले असतील तर पुढून ठोकलेली. मग एसी लावून उन्हात वीस मिनिटं उभी ठेवा, कागदाची चाचणी करा, पुढे हायवेला फेरी मारा. वीस मिनिटं उभी ठेवायला मालक कुरकुरला तर त्याला कारण माहीत आहे. या इंजिनात टायमिंगला चेन नाही, बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर तो संपलाय असं समजून खर्च धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात: पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं नोंदणी नूतनीकरण झालंय का ते आरसीवर बघा. १ एप्रिल २०२२ ला त्याचं मूळ शुल्कच ६०० वरून ५००० झालं, वर पर्यावरण कर आणि तपासणी. एलपीजी किट काढलंय पण आरसीवर इंधन अजून दोन्ही लिहिलंय, असंही सापडतं. ते विकणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्या.

गॅस्केट गेलंच असेल तर

हेड उघडलं की गॅरेजवाला म्हणेल, गॅस्केट घालून देतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा. इतक्या लवकर गाडी नको. गाडी तापून गॅस्केट गेलंय म्हणजे हेड वाकलं असण्याची शक्यता मोठी, आणि वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही. हेड लेथवर पाठवायला लावा, तडा आहे का याची दाबाखाली तपासणी आणि गरजेपुरतंच फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं). आधी कधी फेस मारलेलं असेल तर पुन्हा मारायला धातू शिल्लक आहे का, तेही तिथेच विचारा. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने (मोजून ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), ठरलेल्या क्रमाने आवळले पाहिजेत. नुसत्या पान्याने आणि अंदाजाने आवळणारा असेल तर गॅरेज बदला. लेथवरून हेड परत आलं की स्वतः बघायला जा. स्टीलची सरळ पट्टी त्याच्यावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवा आणि खालून फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवून बघा. ०.०५ मिलिमीटरचं पातं कुठे शिरलं नाही तर बसवायला सांगा.